विकासावस्था: एका शैक्षणिक कल्पनेची कुळकथा

माणसाच्या आयुष्याचे वयानुसार भाग पाडण्याची रीत फार जुनी आहे, आणि भारतीय परंपरेतील चार आश्रम हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण होय. परंतु आश्रमव्यवस्था सांगते ते कोणत्या वयात माणसाचे कर्तव्य काय हे, त्या वयात त्याची बुद्धी कशी चालते हे नव्हे. कोमेनियस या मोराव्हियन शिक्षणचिंतकाने १६५७ साली छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात जन्मापासून चोविसाव्या वर्षापर्यंत सहा-सहा वर्षांच्या चार शाळा कल्पिल्या, तेव्हाही त्याचा मुख्य प्रश्न ज्ञानाच्या क्रमवार मांडणीचा होता. विकासावस्थेची कल्पना याहून वेगळा आणि धाडसी दावा करते: मूल म्हणजे कमी माहिती असलेला प्रौढ नव्हे, तर त्याच्या विचाराची घडणच निराळी असते, ही घडण ठरावीक क्रमाने बदलत जाते आणि त्या क्रमातील एकही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही.

या दाव्याचे पहिले ठळक रूप रूसोच्या १७६२ सालच्या ‘एमिल’ या ग्रंथात सापडते. बारा वर्षांपर्यंत इंद्रियांचे शिक्षण, त्यानंतर विवेकाचे आणि पंधराव्या वर्षानंतर भावना व नीतीचे, असा क्रम लावून रूसोने लहान मुलाशी तर्काने वाद घालणे व्यर्थ ठरवले. त्यातील काल्पनिक विद्यार्थी एमिल याच्या हाती पहिले पुस्तक येते ते दुसऱ्या, विवेकाच्या टप्प्यावर, आणि ते असते ‘रॉबिन्सन क्रूसो’. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढच्या शतकात हेच पुस्तक अगदी वेगळ्या कारणासाठी जर्मन शाळांत शिरले.

त्या कारणाला बळ केवळ शिक्षणशास्त्रातून नव्हे, तर जीवशास्त्रातूनही मिळाले. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने १८६६ मध्ये असा नियम मांडला, की गर्भावस्थेतील जीव आपल्या जातीचा संपूर्ण उत्क्रांतिक्रम थोडक्यात पुन्हा जगतो. हा पुनरावृत्तीचा सिद्धांत पुढे जीवशास्त्राने त्या स्वरूपात टाकून दिला, परंतु तोवर तो गर्भापासून बालकापर्यंत ताणला गेला होता: जे जातीच्या शरीराचे, तेच मानवसमाजाच्या संस्कृतीचे, आणि म्हणून मूल वाढताना रानटी अवस्थेपासून नागर अवस्थेपर्यंतचा मानवजातीचा प्रवास नव्याने करते, असे मानले जाऊ लागले. व्यक्तीचा विकास मानवजातीच्या मार्गाने होतो हा विचार जर्मन शिक्षणचिंतक हर्बार्टच्या परंपरेत आधीपासूनच होता. लाइपझिग येथील टुइस्कॉन झिलर याने त्याचे पाठ्यक्रमात रूपांतर केले. पहिल्या वर्षी परीकथा, दुसऱ्या वर्षी रॉबिन्सन, मग बायबलमधील कुलपती, न्यायाधीश व राजे, आणि अखेरीस ख्रिस्तचरित्र व धर्मसुधारणा, अशी त्याची योजना होती. विल्हेल्म राइन याने ती येना येथे चालवली आणि तेथून ती अमेरिकेतील शिक्षकांपर्यंत पोहोचली. एका निर्जन बेटावर माणूस अन्न, निवारा व हत्यारे कशी मिळवतो ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला का सांगायची, याचे उत्तर आता मुलाच्या आवडीत नव्हे, तर मानवजातीच्या इतिहासात शोधले जात होते.

या विचारात एक गंभीर दोष दडलेला होता. मूल आणि ‘आदिम’ माणूस यांना एकाच पायरीवर ठेवले, की मुलाला समजून घेतल्याचा भास होतो आणि त्याच वेळी वसाहतींतील समाजांना कायमचे बाल ठरवण्याची सोय होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल याच्या किशोरावस्थेवरील १९०४ सालच्या दोन खंडी ग्रंथात हा दोष उघडपणे दिसतो. ज्या समाजांवर राज्य करणाऱ्यांना ‘तुमची वेळ अजून आलेली नाही’ असे म्हणायचे होते, त्यांच्या हाती या कुळाने आयते शस्त्र दिले, आणि म्हणूनच त्याचा इतिहास भारतीय वाचकाने विशेष बारकाईने पाहायला हवा.

ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) याचे शिक्षणही जीवशास्त्रातच झाले. स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे जन्मलेल्या या संशोधकाने १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर. त्यानंतर पॅरिसमध्ये, बुद्धिमापन चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने याच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी तेओदोर सिमों याच्या हाताखाली, सिरिल बर्टच्या तर्कचाचण्यांची फ्रेंच आवृत्ती प्रमाणित करण्याचे काम त्याच्याकडे आले. चाचणीला हवी असतात ती बरोबर उत्तरे. पियाजेचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे वळले, कारण एका वयाची मुले साधारण एकाच पद्धतीने चुकत होती आणि त्या चुकांमागे त्यांचे स्वतःचे तर्कशास्त्र होते. येथे या कुळकथेला खरे वळण मिळाले. चूक ही उणीव न राहता पुरावा झाली.

१९२१ पासून जिनिव्हा येथे त्याने हे काम वाढवत नेले, स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणांतून शैशवाचा अभ्यास केला आणि शेवटी ज्या चार अवस्था मांडल्या, त्या आज अध्यापक विद्यालयांत शिकवल्या जातात: इंद्रिये व हालचाली यांतूनच जग जाणण्याची संवेदन-कारक अवस्था, भाषा व प्रतीके येतात पण विचार उलट दिशेने फिरवता येत नाही ती पूर्व-क्रियात्मक अवस्था, समोरच्या वस्तूंबाबत तर्क जुळतो ती मूर्त क्रियात्मक अवस्था, आणि केवळ गृहीतकांवर विचार करता येतो ती औपचारिक क्रियात्मक अवस्था. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग सोपा आहे. सारख्या दोन पेल्यांतील सारख्या पाण्यापैकी एकातले पाणी मुलादेखत उंच व अरुंद पेल्यात ओतले, की चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते की आता तेथे पाणी जास्त झाले. आकार बदलला तरी प्रमाण तेच राहते ही जाण साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास स्थिरावते.

या कुळाची दुसरी शाखा मारिया माँटेसरी हिची. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस याने एका सुरवंटाबद्दल नोंदवले होते, की अंड्यातून बाहेर पडताच तो उजेडाकडे ओढला जातो, त्यामुळे फांदीच्या टोकाच्या कोवळ्या पानांपर्यंत पोहोचतो आणि जाड पाने खाता येऊ लागली की ती ओढ ओसरते. यावरून माँटेसरीने मुलाच्या वाढीतील ‘संवेदनशील काळा’ची कल्पना घेतली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या भावनगर येथील कार्यातून, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघातून आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी उभारलेल्या बालवाड्यांतून हा विचार मराठी मुलखात रुजला. अवस्थेकडे पाहण्याची ही दृष्टी ‘अजून नको’ असे सांगत नाही, ‘हीच वेळ आहे’ असे सांगते. आणि ज्या मुलांना शिक्षण झेपणारच नाही असे समाज मानत होता, त्यांच्या अंगणात शाळा नेण्याचे बळ याच दृष्टीत होते.

युरोपातील शासकीय शिक्षणव्यवस्थेने मात्र ‘अजून नको’ हा अर्थ उचलला. इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षणावरील १९६७ च्या प्लाउडन अहवालाने पियाजेच्या मांडणीला मोठे स्थान दिले आणि मूल सिद्ध होईपर्यंत एखादी गोष्ट शिकवण्याचा खटाटोप वाया जातो, अशी भूमिका घेतली. या ‘सिद्धते’च्या तत्त्वाने लहान वर्गांतील घोकंपट्टी कमी केली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही, परंतु शिकवण्यानेच सिद्धता घडू शकते हा विचार त्यात मागे पडला. तो विचार सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की याने १९३० च्या दशकातच मांडला होता, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर याने १९६० मध्ये तो टोकाला नेऊन कोणताही विषय कोणत्याही अवस्थेतील मुलाला प्रामाणिक रूपात शिकवता येतो असे प्रतिपादन केले.

पुढे प्रयोगांनीही वयाच्या सीमा सैल केल्या. मार्गारेट डोनल्डसन आणि जेम्स मॅक्‌गॅरिगल यांनी १९७० च्या दशकात एडिंबरो येथे दाखवले, की मण्यांची ओळ प्रयोगकर्त्याने मुद्दाम न हलवता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली, तर कितीतरी अधिक लहान मुले ‘मणी तेवढेच आहेत’ असे बरोबर सांगतात. मोठ्या माणसाने ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे उत्तर बदलणे अपेक्षित असावे, हा मुलांचा अंदाज सामाजिकदृष्ट्या अगदी शहाणपणाचा होता. पियाजेच्या चाचणीत नापास होणारे मूल पुष्कळदा तर्कात नव्हे, तर प्रश्नकर्त्याचा हेतू ओळखण्यात गुंतलेले असते.

येथे पियाजेला न्याय देणे आवश्यक आहे. त्याचा आग्रह क्रमाचा होता, वयाचा नव्हता. मार्टिनिक बेटावरील मुले माँट्रियालमधील मुलांहून सुमारे चार वर्षे उशिरा त्याच पायऱ्या चढतात, हे निष्कर्ष त्याने स्वतः उद्धृत केले. १९७२ मध्ये तर त्याने मान्य केले, की औपचारिक विचार पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यान आणि प्रत्येकाच्या कल व व्यवसायानुसार वेगवेगळ्या क्षेत्रांत प्रकट होत असावा. शाळेची रचना वयावर उभी असल्यामुळे, त्याने ज्याला दुय्यम मानले तेच शाळेने मुख्य म्हणून जपले.

महाराष्ट्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या विभागाला तीस गुण आहेत, आणि पियाजेच्या अवस्था व त्यांच्या वयोमर्यादा हा त्याच्या तयारीतील नेहमीचा भाग असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आखलेली ५+३+३+४ ही रचनाही तीन, आठ, अकरा आणि चौदा या वयांवर टप्पे बांधते. मात्र तिच्या पायाभूत टप्प्यात बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीचे वर्ग एकत्र आणल्यामुळे, सहाव्या वर्षी खेळ संपून अभ्यास सुरू होतो ही जुनी रेघ पुसली गेली आहे. त्या पाच वर्षांत एकाच वर्गातील मुले वेगवेगळ्या पायऱ्यांवर असू शकतात, आणि ती कोठे आहेत हे त्यांच्या चुका ऐकूनच कळते.