गोठ्यातला डास, घरातला डास

मंडळी, मागच्या वेळी आपण रोनाल्ड रॉसपर्यंत आलो होतो. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. हा डास रक्त पितो तरी कोणाचं?

आपल्याकडे खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस. आणि गंमत बघा, त्याला माणसापेक्षा गाय-बैल जास्त पसंत.

हे कळलं कसं? १९०१ मध्ये जर्मनीत पॉल उलेनहुथ यांनी रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा, हे ओळखायची चाचणी काढली. ती खुनाच्या तपासात वापरली गेली. सशाला माणसाचं रक्त टोचायचं, पुढे त्या सशाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, काढायचं. त्यात माणसाच्या रक्ताचा अंश पडला की साका धरतो. बैलाचा पडला तर धरत नाही. १९२३ मध्ये बुल आणि किंग यांनी हीच युक्ती डासाच्या पोटाला लावली. रक्त पिऊन फुगलेली मादी पकडायची, टिपकागदावर चिरडायची, डाग वाळवून प्रयोगशाळेत पाठवायचा. उशीर केला तर रक्त पचून जातं.

पण इथे एक फसगत आहे. डास गोठ्यातच पकडले तर पोटात बैलाचंच रक्त निघणार! म्हणून घरातले, गोठ्यातले, बाहेरचे, असे वेगवेगळे पकडावे लागतात. मला विचाराल तर सगळी अक्कल इथेच लागते, चाचणीत नाही.

आता हिशेब करा. एका डासाला मलेरिया पसरवायला माणसाला दोनदा चावावं लागतं: एकदा जंतू घ्यायला, आणि ते पोटात वाढल्यावर, साधारण दहा-बारा दिवसांनी, द्यायला. दहा चाव्यांतला एकच माणसाला असेल, तर दोन्ही माणसालाच पडण्याचा संभव शंभरात एक. मग साथ येते कशी? संख्येच्या जोरावर. पावसाळ्यानंतर डास इतके माजतात की शंभरातला एकही पुरतो.

मग गोठा घराजवळ असावा की लांब? जनावर डासाला ओढून घेतं, म्हणजे माणूस वाचतो, असं एक मत. दुसरं असं की भरपूर रक्त मिळाल्याने डासांची वीण वाढते आणि गोठ्याशेजारी निजलेला माणूस आयता सापडतो. दोन्ही घडतं. जनावर कुठे बांधलंय आणि माणूस कुठे निजलाय, हे गावात जाऊनच बघावं लागतं.

मेळघाटासारख्या डोंगराळ भागात आणखी एक पेच. झऱ्याओढ्यांच्या वाहत्या पाण्यात वाढणारा ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस हा एकच डास नाही, हे १९९०च्या दशकात दिसलं. त्यातली 'एस' जात माणसाकडे वळते, 'टी' जात जनावराकडे. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर दोघी सारख्याच.