देवयानीचा पहिला फोटो

नववीतली डिसेंबरची ती रात्र आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. विज्ञानाच्या सरांनी शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन ठेवलं होतं. सरांनी भाद्रपदांचा चौकोन दाखवला, तिथून तारे मोजत बोट वर नेलं आणि म्हणाले, "तो धुरकट ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका. तिथून निघालेला प्रकाश इथे पोचायला वीस लाखांहून जास्त वर्षं लागतात." मग एकेकाच्या हातात द्विनेत्री दिली. प्रत्येकाने "दिसली, सर!" म्हटलं. मीही म्हटलं. त्याबद्दल शेवटी सांगते.

गेले दोन हिवाळे मी त्याच देवयानीचा फोटो काढायला शिकते आहे. शिकताना प्रश्न पडला, हा फोटो पहिल्यांदा नीट कुणी काढला असेल? ती गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली.

देवयानी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इराणी ज्योतिर्विद अल् सूफीने इ. स. ९६४च्या सुमारास तिची नोंद 'लहानसा ढग' अशी केली. १६१२ साली जर्मनीतल्या सायमन मारियसने दुर्बिणीतून पाहून तिला शिंगाच्या पातळ पापुद्र्याआडून दिसणाऱ्या मेणबत्तीच्या ज्योतीची उपमा दिली. १८४७ साली अमेरिकेत जॉर्ज बाँडला तिच्यात दोन काळ्या रेघा दिसल्या. पण हे सगळं डोळ्यांवर आणि हाताने काढलेल्या चित्रांवर अवलंबून. ज्याला जसं दिसे, तसं तो काढी.

कॅमेरा आला तरी अडचण होतीच. सुरुवातीची ओली काच काही मिनिटांत सुकून निकामी व्हायची आणि एवढ्या मंद प्रकाशाला तर तास लागतात. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत सुचवली आणि पुढच्या दहा वर्षांत तशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या. १८८० साली हेन्री ड्रेपरने मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. १८८३ साली अँड्र्यू कॉमनच्या फोटोत तर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले.

आता आपला नायक. आयझॅक रॉबर्ट्स, जन्म १८२९, वेल्समधला. व्यवसाय लिव्हरपूलमध्ये इमारती बांधण्याचा. त्याने पहिली मोठी, सात इंची दुर्बीण घेतली १८७८ साली, म्हणजे जवळजवळ पन्नाशीत. (मित्रमैत्रिणींनो, आपल्याला अजून वेळ आहे.) १८८५ साली त्याने डब्लिनच्या ग्रबकडून वीस इंची आरशाची दुर्बीण बनवून घेतली. आरशाच्या दुर्बिणीत काच लावायची आणि शेजारच्या सात इंचीतून एक तारा धरून ठेवायचा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. घड्याळाच्या यंत्राने दुर्बीण तिच्या उलट फिरत राहते, पण यंत्र जरा चुकलं की हाताने सावरायचं. २९ डिसेंबर १८८८च्या रात्री, लिव्हरपूलजवळच्या मॅघल गावी, त्याने सुमारे चार तासांचं एक्स्पोजर दिलं. काच धुतल्यावर बाँडच्या त्या दोन काळ्या रेघा वळलेल्या निघाल्या. देवयानी तेजस्वी केंद्राभोवती फिरत गेलेल्या वलयांची होती!

रॉबर्ट्सने त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला. ही आपल्यासारखी एक सूर्यमाला जन्माला येत आहे, असं त्याला वाटलं. १९०४ साली तो गेला. १९२३ साली एडविन हबलने माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत देवयानीतला एक रूपविकारी तारा ओळखला. त्यावरून अंतर काढता आलं आणि ती आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. रॉबर्ट्सचा अर्थ गेला, फोटो राहिला.

ग्रबचीच एक वीस इंची दुर्बीण पुण्यातही होती, हे वाचून मी उडालेच. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. देशातली तेव्हाची ती सर्वांत मोठी दुर्बीण. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ते कॉलेज म्हणजेच पुढचं अभियांत्रिकी महाविद्यालय. मी चार वर्षं तिथे शिकले आणि मला याचा पत्ता नव्हता!

माझे स्वतःचे प्रयत्न आता थोडक्यात. पहिला फोटो पुण्यात आमच्या गच्चीवरून. नुसता नारिंगी पडदा आला. मग वेल्ह्याकडे गेले. ट्रॅकर ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर. तो डोंगराआड गेला, मी अंदाजाने रोखलं आणि सगळे तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले. तिसऱ्या खेपेला लेन्सवर दव साचलं. चौथ्या खेपेला तीस-तीस सेकंदांचे १२० फोटो मिळाले, म्हणजे एक तास. एकट्या फोटोत धुरकट डाग आणि ठिपक्यांचा गोंधळ. पण शंभर फोटोंची बेरीज केली की प्रकाश शंभरपट होतो आणि गोंधळ दहापटच वाढतो. एरवी दिवसभर कोड लिहिणारी मी, रात्री दोन वाजता ती बेरीज पडद्यावर येताना बघत बसले. केंद्र, एका बाजूची काळी रेघ, जवळची छोटी सोबतीण दीर्घिका. रॉबर्ट्सच्या काचेपुढे माझा फोटो अगदीच कच्चा आहे, पण ती रेघ वळलेली आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सर, आता कबुली. त्या रात्री गच्चीवर मला काहीही दिसलं नव्हतं. मला फळाही धूसर दिसत होता, पण चष्मा लागेल म्हणून घरी सांगितलं नव्हतं. सगळे 'दिसली' म्हणाले, म्हणून मीही म्हटलं. तुम्ही पाठीवर थाप दिलीत, ती इतकी वर्षं टोचत होती.

मेळाव्याला फोटोची प्रत घेऊन येते. द्विनेत्रीही आणते. आकाश मोकळं असेल तर जेवणानंतर गच्चीवर जाऊ. ज्याला दिसणार नाही, त्याने बेधडक "नाही दिसली, सर" म्हणायचं. सर पुन्हा बोट धरून दाखवतील.