पिंजऱ्यातला राघू : अवध्य, पण बंदिवान

मराठीत या पक्ष्याला पोपट, राघू, रावा अशी नावे आहेत. संस्कृतात तो शुक आणि कीर. गोव्यातले कोंकणी शेजारी त्याला आजही कीरच म्हणतात. आमच्या बेळगावकडे कानडीत तो गिळी किंवा गिणी होतो, आणि बडोद्याच्या आपल्या मंडळींना गुजरातीतही पोपट हाच शब्द भेटतो. मराठी घर जिथे जिथे स्थिरावले तिथे पडवीत टांगलेला पिंजरा, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि 'विठू विठू' हा पाठ, हे चित्र बरोबर गेले. इतक्या घरोब्याच्या या सोबत्याचा इतिहास मात्र आपण क्वचितच विचारात घेतो. वाचकहो, या लेखात तो थोडक्यात मांडायचा आहे. हौसेने माहिती द्यावी एवढाच हेतू नाही. आपल्या परंपरेने पोपटाला मारणे निषिद्ध मानले, पण त्याला कोंडणे मात्र चालवून घेतले. हा फरक केव्हा आणि कसा रूढ झाला, आणि आज घरात पक्षी आणू इच्छिणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

भारताबाहेर आपल्या पोपटाचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले ते आमच्याच व्यवसायातल्या एका माणसाने. टेसियस हा ग्रीक वैद्य इराणच्या सम्राटाच्या दरबारी होता. इ. स. पू. 400 च्या सुमारास भारताविषयी लिहिताना त्याने माणसाच्या वाणीने बोलणाऱ्या एका पक्ष्याचे वर्णन केले. हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो म्हणतो. पुढे अलेक्झांडरच्या स्वारीनंतर भारतीय पोपट ग्रीकांच्या चांगलेच परिचयाचे झाले. खांद्यावर लाल पट्टा असलेल्या आपल्या मोठ्या पोपटाला, ज्याला बाजारात 'पहाडी' म्हणतात, इंग्रजीत अजूनही अलेक्झांडरचेच नाव आहे. रोममध्ये त्याचे शिक्षण कसे होई हे प्लिनीने नोंदवले आहे : पोपटाचे डोके चोचीइतकेच टणक असते, म्हणून बोलायला शिकवताना त्याला लोखंडी सळईने मारावे लागते! त्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहिणारा ईलियन मात्र सांगतो की, भारतात ब्राह्मण या पक्ष्याला सर्व पक्ष्यांत श्रेष्ठ मानतात आणि तो माणसासारखे बोलतो म्हणून कोणी त्याला खात नाही.

आपल्याकडचे ग्रंथ याला दुजोरा देतात. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत शुक-सारिकांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे, आणि त्याचा नागरक जेवणानंतरचा वेळ याच कामात घालवतो. कौटिल्य राजवाड्यात पोपट व मैना ठेवायला सांगतो, कारण सर्पविषाची शंका आली की ते ओरडतात, असे त्याचे म्हणणे. म्हणजे करमणूक आणि पहारा ही दोन्ही कामे पोपटाकडे होती.

या सर्वांत मोलाचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी, म्हणजे इ. स. पू. 243 च्या सुमारास, सम्राट अशोकाने पाचवा स्तंभलेख कोरवला. त्यात अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी आहे आणि त्या यादीतले पहिले नाव शुकाचे, दुसरे सारिकेचे. फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याहून दिल्लीला आणलेल्या स्तंभावर हा लेख आजही आहे. पण लेख बारकाईने वाचला तर लक्षात येते की, त्यात शब्द आहे तो 'अवध्य'. पोपटाला मारू नये, एवढीच ती आज्ञा. त्याला कोंडू नये, असे लेख म्हणत नाही. मनुस्मृतीतही पोपट मारल्यास प्रायश्चित्त म्हणून दोन वर्षांचा वत्स दान द्यावा असे सांगितले आहे. तिथेही भर आहे तो वधावरच. पुढची बावीस शतके आपण याच मर्यादेत राहिलो. राघूला कोणी मारले नाही. त्याला फक्त पिंजऱ्यात ठेवले, आणि पिंजरा सोन्याचा केला की प्रेम सिद्ध झाले असे मानले.

पक्षी घरात येतो कसा, याकडे साहित्याने मात्र डोळेझाक केलेली नाही. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'चा मोठा भाग वैशंपायन नावाचा पोपट सांगतो. मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराला आपण कादंबरी म्हणतो, त्याला हे नाव मिळाले ते एका पोपटाने सांगितलेल्या कथेमुळे, हे साहित्यप्रेमी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. वैशंपायन आपली जन्मकथा सांगतो : पंपा सरोवराच्या काठी प्रचंड शाल्मली वृक्ष, त्याच्या ढोलींत पोपटांची वस्ती. एक म्हातारा शबर झाडावर चढतो, ढोलीत हात घालतो, एकेक पिल्लू ओढून काढतो आणि मारून खाली टाकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता पंखांखाली त्याला झाकतो आणि मरतो. पिल्लू पाचोळ्यात पडल्याने तेवढे वाचते. आज पोपट पकडणारा पिल्लांना मारत नाही, विकतो. बाकी झाड तेच, ढोली तीच आणि आत जाणारा हातही तोच.

पोपट धरण्याचे दुसरे तंत्र आपल्या मराठीत अजरामर झाले आहे. दोरीत ओवलेली फिरती नळी झाडाला बांधतात. पोपट तीवर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. पाय सोडले तर उडू शकेल, पण आपण धरले गेलो आहोत या भ्रमाने तो नळी अधिकच घट्ट पकडतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा दृष्टान्त येतो. स्वतःच स्वतःचा शत्रू होणाऱ्या माणसासाठी ज्ञानदेवांनी तो योजला. आध्यात्मिक अर्थ आपण सातशे वर्षे सांगत आलो आहोत. परंतु दृष्टान्त लोकांना कळावा इतकी ती नळी त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती, हा त्यातला सामाजिक इतिहास आहे.

संस्कृत 'शुकसप्तती'चा मराठी अवतार म्हणजे शुकबाहत्तरी. रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने तो 1897 मध्ये जर्मन भाषांतरासह छापला. त्याआधी, 1330 मध्ये, नख्शबीने याच परंपरेवरून फारसीत 'तूतीनामा' रचला होता. या कथांतला पोपट घराचा राखणदार आहे. धनी परगावी असताना तो रोज रात्री एक गोष्ट सांगून घरच्या स्त्रीला उंबऱ्याच्या आत ठेवतो. स्वतः कोंडलेला पक्षी दुसऱ्याला कोंडून ठेवण्याच्या कामी लावला गेला, यातली विसंगती जुन्या श्रोत्यांना जाणवली असेल का, हे वाचकांनीच ठरवावे.

अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्या जैन परंपरेकडे या प्रश्नाचे उत्तर आधीच होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. पहिला क्रमांक बंधाचा आहे. पूज्यपादांच्या टीकेनुसार, प्राण्याला हव्या त्या ठिकाणी जाण्यास जे आडवे येते ते बंध. वध म्हणजे येथे मारहाण. ही यादी पोपटापुढे धरून पाहा. पिंजरा हा बंध. प्लिनीची सळई हा वध. उडू नये म्हणून पंख कातरणे हा छेद. बोलेपर्यंत उपाशी ठेवणे हा अन्नपाननिरोध. पाचांपैकी चार अतिचार एका पिंजऱ्यात सापडतात. तरीही जैन घरांतून पिंजरे टांगलेले होतेच. ग्रंथ कपाटात राहिले आणि रूढी पडवीत राहिली, हे मान्य करायला हवे.

कोंडण्याविरुद्ध राजाज्ञाही एकदा निघाली होती. आचार्य हीरविजयसूरी 1583 मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराला भेटले. त्यांच्या प्रभावाने पर्युषणात प्राणिहत्या थांबली आणि पिंजऱ्यातले पक्षी सोडले गेले. या आठवणीतून पक्षी विकत घेऊन उडवण्याची जीवदयेची प्रथा पुष्कळ ठिकाणी जोपासली जाते. भावना चांगली आहे, परिणाम वाईट आहे. बादशहाने पक्षी विकत घेतले नव्हते, आज्ञा दिली होती. आपण पैसे मोजतो, तेव्हा पारध्याला पुढच्या फेरीची उचल देतो. सणासाठी सोडायला म्हणून मुद्दाम पक्षी धरले जातात, आणि दाटीने ठेवलेले थकलेले पक्षी सुटल्यावरही फार जगत नाहीत.

स्वतंत्र भारतात हे काम कायद्याने केले. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यानंतरही काही वर्षे हिरवे पोपट मोठ्या संख्येने निर्यात होत राहिले. लंडनच्या उद्यानांत आज जे हिरवे थवे उडतात ते पिंजऱ्यातून सुटलेल्या अशाच पक्ष्यांचे वंशज. 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. म्हणून स्पष्ट सांगतो : आपला कंठवाला राघू, पहाडी किंवा कोणताही देशी पोपट विकत घेणे आणि पाळणे आज गुन्हा आहे. घरात आधीपासून असलेला पक्षी गच्चीवरून उडवून देणे हाही उपाय नव्हे. लहानपणापासून कोंडलेल्याला अन्न शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. वनखात्याशी बोलून त्याची सोय करावी.

पाळायचाच असेल तर परदेशी जातीचा, बंदिवासातच जन्मलेला पक्षी निवडावा. आपल्या बाजारात ज्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुधा बजरीगर असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्डने 1840 मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून त्याची पैदास पिंजऱ्यात होते. कॉकाटीलही तिकडचाच. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा आंतरराष्ट्रीय संरक्षण असलेल्या जातींची 2024 च्या नियमांनुसार सरकारकडे नोंद करावी लागते. घेताना पावती मागा, पायातले कडे पाहा. डोळे स्वच्छ, श्वास बिनआवाजाचा आणि शेपटीखालची पिसे कोरडी हवीत. आणखी एक हिशेब करा : बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस, आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास. माझ्या वयाच्या माणसाने ग्रे घेतला तर तो नातवाला वारसा म्हणूनच द्यावा लागेल.

पिंजरा उंच असण्यापेक्षा रुंद असावा. दोन्ही पंख पूर्ण पसरून फडफडता आले पाहिजेत. बसायला एकाच जाडीची गुळगुळीत दांडी नको, पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या द्या. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते, म्हणून मोड आलेली कडधान्ये, गाजर, भोपळा, मेथी रोज हवी. मीठ, चहा, चॉकलेट आणि ॲव्होकॅडो वर्ज्य. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. मिरचीने मात्र अपाय नाही, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. पण मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. ज्ञानदेवांच्या काळच्या राघूने ती कधी पाहिलीही नव्हती! मिरचीने बोल फुटतो ही समजूतही निराधार आहे. पोपट बोलतो कारण तो थव्याचा पक्षी आहे. थवा नसला की सोबत्याला साद घालण्याची त्याची गरज घरच्या माणसांकडे वळते. म्हणून जोडीने ठेवा. कमी बोलेल, पण स्वतःची पिसे उपटणार नाही.

डॉक्टर म्हणून एक सूचना. पोपटांपासून माणसाला होणारा न्यूमोनियासारखा ताप 1879 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रथम वर्णिला गेला. 1929-30 मध्ये अर्जेंटिनाहून गेलेल्या पोपटांमुळे त्याची साथ अनेक देशांत पसरली. याला सिटाकोसिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग आहे आणि त्यावर प्रतिजैविकेच द्यावी लागतात. मी होमिओपॅथ असूनही हे निःशंकपणे सांगतो. पिसांच्या व वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला सूज येऊन जुनाट खोकलाही जडतो. पिंजरा झाडण्यापूर्वी ओला करा, आणि ताप-खोकल्यासाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर घरात पक्षी आहे हे न विचारता सांगा.

अशोकाने पोपटाला अवध्य केले तेव्हा ते त्या युगाच्या पुढचे पाऊल होते. पुढचे पाऊल टाकणे आता आपल्या हाती आहे, आणि त्याला राजाज्ञा लागत नाही. जुने वड-पिंपळ तोडू नका, त्यांच्या ढोली सिमेंटने बुजवू नका, गच्चीवर पाण्याचे परळ ठेवा. माघ-फाल्गुनात हिरव्या पोपटांची जोडी ढोली शोधत आपल्या परसात येईल. घरातल्या मुलांना राघू दाखवायचा असेल तर तो तिथे दाखवा.