मचव्यावरची शिदोरी

नाशिकला समुद्र नाही. तरीही होड्यांविषयीचा एक फार जुना लेख नाशिकच्याच डोंगरात कोरलेला आहे. पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने आपल्या दानधर्माची जंत्री दिली आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. तीन लक्ष गाई दिल्या, नारळीची बत्तीस हजार रोपे दिली, हे सगळे त्यात आहेच. पण आमचे लक्ष जाते ते दुसऱ्याच ओळीकडे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून लोकांसाठी फुकट तरी सुरू केल्या आणि दोन्ही तीरांवर बसायला जागा व पाणपोया बांधल्या. नाव आणि पिण्याचे पाणी या दोन गोष्टी त्या कारकुनाने एका दमात लिहिल्या. पाण्यावर जाणाऱ्याला पहिली चिंता पाण्याचीच असते, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

या लेखातल्या बहुतेक नद्या घाटाखालच्या आहेत. घाटाखालची माणसे वर येत राहिली याची खूण जुन्या नाशकात आजही आहे. कोकणीपुरा हे मोहल्ल्याचे नावच ती गोष्ट सांगते. थळघाटातून सुकट-बोंबलाच्या गोण्या वर आल्या, त्यांच्याबरोबर शब्द आले आणि आडनावे आली. समुद्र मात्र खाली राहिला. महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास आपण लिहायला बसलो की निजामशाही येते, जंजिरा येतो, शिवछत्रपतींच्या आरमारातला दौलतखान येतो. दौलतखानाचा जिक्र आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा झाला आहे की आता त्यालाच संकोच वाटत असेल. पण मचव्याच्या तळाशी बसून रात्रभर पाणी उपसणाऱ्या माणसाचे काय? त्याच्याजवळ कोणती हत्यारे होती, वादळात सापडला तर तो कशाच्या आधारावर तग धरत होता, हेही इतिहासाचेच प्रश्न आहेत.

अशा माणसाची नोंद एका ग्रंथात तरी झालेली आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मीर बहरी या खात्याचे एक प्रकरण आहे. मोठ्या जहाजावर बारा प्रकारचे लोक असतात असे तो सांगतो. जहाजाचा मुखत्यार नाखुदा, वाट दाखवणारा मुअल्लिम, ज्याला आपला दर्यावर्दी मालिम म्हणत आला, खलाशांचा म्होरक्या तांडेल, उतारूंना सरपण पुरवणारा, जहाज धक्क्याला लावणारा सरहंग, म्हणजे आपला सारंग, कोठार सांभाळणारा भांडारी, हिशेब आणि पाणीवाटप पाहणारा करानी, सुकाणू धरणारा सुक्कानगीर, डोलकाठीवर चढून जमीन, जहाज किंवा येणारे वादळ दिसले की ओरडणारा पंजरी, आणि गुमटी. गुमटी म्हणजे जहाजात शिरलेले पाणी उपसणारा. त्याच्यामागून तोफवाला आणि खारवे. शीड चढवणे-उतरवणे हे खारव्यांचे काम. त्यांच्यातलेच काही बुडी मारून तळाचे भोक बुजवत आणि अडकलेला नांगर सोडवत.

ही यादी वाचताना मराठी वाचकाला कोश उघडावा लागत नाही. नाखवा, तांडेल, सारंग, खलाशी, लंगर, बंदर, दर्या, तुफान, मोसम हे सगळे शब्द आपल्या घरातले आहेत. सुकाणू हा अरबी सुक्कान. राजकीय पक्षांत भांडण लागले की मराठी वर्तमानपत्रांत हटकून ‘सुकाणू समिती’ नेमली जाते. तेव्हा आपण कोणाचे हत्यार उसने घेतले आहे याची त्या पुढाऱ्यांना कल्पना नसते. असो. उसने म्हणणेही बरोबर नाही. इतक्या शतकांच्या वापरानंतर ते मराठीचेच झाले.

अबुल फजलची जहाजे मोठी होती. मासेमारीच्या मचव्यावर पाच-सहा माणसे असत आणि ही बाराही कामे त्यांनाच करावी लागत. रत्नागिरीकडचे दालदी हे असे मुसलमान मच्छीमार. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरने त्यांची दखल घेतलेली आहे आणि राजिवडा, मिरकरवाडा ही नावे आजही मासळीशी जोडलेली आहेत. शिडाच्या काळातल्या अशा मचव्यावर सामान थोडे असे, पण त्यातली एकही वस्तू शोभेची नसे.

पाण्याचे पिंप लाकडाचे. शहाणा तांडेल सगळे पाणी एका पिंपात भरत नसे, कारण एक फुटले तर दुसरे हवे. हिशेब आजही तोच आहे. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर सहा माणसांना पाच दिवसांसाठी नव्वद लिटर लागतात. फेरी दोनच दिवसांची असली तरी पाच दिवसांचे घ्यायचे, कारण वारा पडला तर शिडाची होडी जिथे आहे तिथेच राहते. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, चिंच किंवा कोकम. चूल मातीची, खाली वाळू पसरलेली. ती वाळू आग विझवायलाही उपयोगी पडे. सुताराची हत्यारे म्हणजे वाकस, करवत, पटाशी, हातोडा आणि भोक पाडायचा सामता. फळ्यांचा सांधा उघडला तर ठोकून भरायला कापूस, वर लावायला राळ. काथ्याचा जास्तीचा दोर, शीड फाटले तर सुई आणि दाभण. आणि हाताशी, कधीही जाळ्याखाली गाडला जाणार नाही अशा जागी, एक धारदार कोयता. वावटळीत शीड उतरत नसेल किंवा जाळे खडकात अडकून होडी कलंडू लागली असेल, तर दोर सोडायला वेळ नसतो. तो कापावाच लागतो. सगळ्या सामानात कोयता सर्वांत स्वस्त, आणि वेळेवर न सापडला तर सर्वांत महाग.

खोली मोजायला शिसे बांधलेली दोरी असे. माप वावांचे, म्हणजे दोन्ही हात पसरले की एक वाव, सुमारे सहा फूट. शिशाच्या बुडाला चरबी लावली की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज अंधारातही बांधता येई. नांगर टाकताना खोलीच्या निदान पाचपट दोर सोडायचा, नाहीतर तो तळाला धरत नाही. वादळात होडी लाटेला आडवी होऊ नये म्हणून नाळेवरून जाळ्याची किंवा दोरखंडाची गुंडाळी पाण्यात सोडत. तिच्या ओढीने होडीचे तोंड लाटेकडे राहते. इंजिन बंद पडले तर आजही हाच उपाय.

आणि होका. होका हा शब्द अरबी ‘हुक्का’, म्हणजे डबी, यावरून आला असे मानतात. या डबीच्या आधीची कथा फार गोड आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीत इल्तुतमिशच्या आश्रयाला आलेल्या मुहम्मद अवफीने ‘जवामिउल हिकायात’ हा फारसी कथासंग्रह पुरा केला. हा अवफी पूर्वी खंबायतला काझी होता, म्हणजे समुद्र पाहिलेला माणूस. त्यात तो सांगतो, वादळात वाट चुकलेल्या जहाजावर कप्तानाने लोखंडाचा पोकळ मासा काढला आणि पाण्याच्या भांड्यात टाकला. मासा फिरत फिरत किब्ल्याच्या दिशेला स्थिर झाला. पुढे १२८२ च्या सुमारास बैलक अल-किबजाकी याने ‘कन्ज अल-तुज्जार’ या पुस्तकात लिहिले आहे की हिंदी समुद्रातले कप्तान असाच लोखंडी मासा वापरतात. मासे धरायला निघालेल्यांच्या बापजाद्यांना घरची वाट एका माशानेच दाखवली, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

लहान मचव्याला मात्र होका फार पुढे मिळाला. तोपर्यंत किनाऱ्यावरच्या खुणाच वाट दाखवत. डोंगराचे टोक आणि एखादे देऊळ, पिराचा पांढरा घुमट किंवा एकटा ताड एका रेषेत आले की खाली खडक आहे, हे बापाने मुलाला सांगायचे. नाशिककराला ही रीत समजावून सांगायला नको. गोदावरीला पूर आला की आपणही पाणी फुटांत विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की छातीला, एवढेच विचारतो.

या सगळ्या सामानात एका गोष्टीची सोय नव्हती. संकट आले हे किनाऱ्याला कळवायचे कसे? टेंभा पेटवायचा, काठीला कापड बांधून हलवायचे. कोणी पाहिले तर पाहिले. हे फक्त गरिबाच्या होडीचे दुखणे नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही प्रवासी बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीचे कप्तान होते शेख सुलेमान. उतारू मुंबईचे, रायगडाकडचे, सर्व जातिधर्मांचे. एवढी मोठी बोट मुंबईच्या तोंडाशी बुडाली आणि मुंबईला ते कळायला कित्येक तास लागले. बोटीवरून सांगण्याचे साधनच नव्हते. त्या वेळी मदतीला धावले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेले रेवसचे कोळी. मासळी समुद्रात लोटून त्यांनी माणसांना जागा केली असे त्या किनाऱ्यावर अजून सांगतात. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. पुढच्या धामधुमीत हा आकांत विसरला गेला. कोकण मात्र विसरले नाही.

‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाली आणि १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. हा करार पुढे वेळोवेळी सुधारला गेला. बोटीवर माणशी एक जागा असलेल्या जीवननौका, बिनतारी यंत्र, पहारा हे सारे त्यातून आले. पण त्याच्या बहुतेक तरतुदींतून मासेमारी नौका वगळलेल्या आहेत. त्यांच्यासाठी १९७७ मध्ये तोरेमोलिनोसला आणि २०१२ मध्ये केप टाउनला वेगळे करार झाले, तेही २४ मीटर किंवा त्याहून लांब नौकांसाठी. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्या त्याहून आखूड. जगातल्या फार धोक्याच्या धंद्यांत ज्याची गणना होते, त्या धंद्यातला लहान माणूस जगाच्या कायद्याबाहेर राहिला. आमच्या मते या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

इंजिन आले तसे सामान बदलले. वाकसाच्या जागी पान्यांचा संच आला. पट्टा, डिझेलचा फिल्टर आणि पाण्याच्या पंपाचे सुटे भाग आले. वाळूच्या जागी अग्निशामक नळकांडे. होक्याच्या शेजारी जीपीएस बसले. व्हीएचएफ संचावरची १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी राखीव आहे आणि किनाऱ्याच्या टप्प्यात मोबाईल लागत असेल तर १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक. इस्रोने विकसित केलेले डॅट नावाचे यंत्र २०१० पासून वापरात आले. कळ दाबली की उपग्रहामार्फत निरोप तटरक्षक दलाच्या केंद्राला पोचतो. त्यात एक उणीव होती. निरोप पोचला की नाही हे बुडणाऱ्याला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात उलटा निरोप येण्याची सोय झाली. टेंभा हलवणाऱ्या माणसाला ‘पाहिले, येतो’ असे उत्तर मिळण्याची सोय व्हायला एवढा काळ लागला.

पण यंत्र असणे आणि हाताशी असणे यांत अंतर आहे. जीवरक्षक जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या खणामागे, आणि वर जाळ्याचा ढीग, ही व्यवस्था तपासणीसाठी ठीक असेल, वादळासाठी नाही. कोयत्याची जागा ठरवून ठेवणाऱ्या जुन्या तांडेलाला हे पटले नसते. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने कोकणच्या किनाऱ्यावर जी घरे ओस पाडली, ती मोसम संपल्यानंतरची, नांगर उचलून निघालेल्यांची घरे होती. उलट डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या.

आणखी एक वस्तू आता मचव्यावर लागते. १९९३ च्या आरंभी दिघी आणि शेखाडीला स्फोटके उतरली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका पळवून, तिच्या तांडेलाचा खून करून अतिरेकी मुंबईत आले. त्यानंतर नौकेची नोंदणी, परवाना, प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र हे सारे बरोबर ठेवावे लागते. ठेवलेच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. ‘कुबेर’वर मारला गेलेलाही मच्छीमारच होता. फक्त एवढेच नोंदवावेसे वाटते की राजिवड्याचा खलाशी हे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी ठेवतो. भिजलेले जॅकेट वाळवता येते, भिजलेल्या कागदाची समजूत घालताना त्याला शेजारच्या होडीवाल्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.

मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांचेही. कोकणातल्या कित्येक घरांतली माणसे मासेमारी सोडून परदेशी बोटींवर गेली होती. नाशिकहून मुंबईला जाणाऱ्याने एकदा तिथे जरूर जावे.

आणि नाशिकला परत यावे ते धरणांकडे पाहण्यासाठी. आपल्या धरणांच्या पाण्यात आजही टायरच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारी माणसे दिसतात. त्यांच्या तराफ्यावर जाळे असते, भाकरी असते, कधी पाण्याची बाटली असते. जॅकेट नसते, दोर नसतो, शिट्टीही नसते. पहाटे अंधारात ती पाण्यात उतरतात आणि ऊन चढेपर्यंत किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारे कोणी नसते.