जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण शोध सांगतो. मधली वाट पाहण्याची वर्षे गाळून टाकतो. मला आज त्या वर्षांविषयीच बोलायचे आहे.

१९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला गेला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिवाहकता. तिचे कारण कळायला १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवून दिले, की अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात.

त्याच लायडनमध्ये १९३४ साली उलटाच प्रकार दिसला. सोने थंड करत गेले, तर एका टप्प्यानंतर त्याचा रोध वाढू लागला! हे कोडे १९६४ मध्ये जपानच्या जून कोन्डो यांनी सोडवले. सोन्यात मिसळलेले लोखंडासारखे मोजके चुंबकीय अणू वाहत्या इलेक्ट्रॉनांना अडवत होते. अशा अणूचे चुंबकत्व येते ते त्यातल्या जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे.

मग जोडीने वाहणाऱ्यांच्या वाटेत असा एकटा इलेक्ट्रॉन उभा राहिला तर? ते पाहण्याची सोय क्वांटम डॉटने केली. हा अर्धवाहकाचा इतका सूक्ष्म ठिपका, की त्यात इलेक्ट्रॉन एकेक करून भरता येतात. २००६ साली लायडनजवळच्याच डेल्फ्टमध्ये संशोधकांनी असा ठिपका दोन अतिवाहकांच्या मधे बसवला. त्यात एक इलेक्ट्रॉन वाढवला आणि अतिवाहक प्रवाहाची दिशाच उलटली. एकाच्या येण्याने एवढा फरक!

पण डेल्फ्टची पुढची गोष्टही सांगायला हवी. क्वांटम संगणकाच्या आशेने जग घाईत होते. २०१८ साली तिथल्या गटाने अतिवाहकाला जोडलेल्या सूक्ष्म तारेत बहुचर्चित मायोराना अवस्थेचा भक्कम पुरावा मिळाल्याचे प्रसिद्ध केले. तशीच खूण तारेत नकळत तयार झालेला साधा क्वांटम डॉटही देऊ शकतो, असे इतर अभ्यासक बजावत होते. मूळ आकडेवारी पुन्हा तपासली गेली आणि २०२१ साली तो निबंध मागे घ्यावा लागला.

पाऱ्याचे कारण कळायला ४६ वर्षे लागली, सोन्याचे कळायला ३०. ती वर्षे मला वाया गेलेली वाटत नाहीत. उत्तर हाती नसताना प्रश्न जिवंत ठेवणे, हेही विज्ञानाचेच काम आहे.