मायजवळचे लेकरू

परवा कपाट आवरताना १९८४ ची डायरी हाती लागली. एका पानावर एवढेच लिहिलेले : 'सातवीतली मुलगी पुन्हा गैरहजर. घरी जाऊन येणे.'

मी गेलो होतो. तिची आई दीड महिन्यापूर्वी बाळंत झालेली. झोप उडालेली, एकटीच बोलायची, खाणेपिणे सोडलेले. "मायपाशी कोनी नाही ना गुर्जी," पोरगी म्हणाली. बाळ आजीने मामाकडे धाडले होते. "बरे केलेत," असे मीच आजीला म्हणालो. ते वाक्य आजही सलते.

'बाहेरचे' झाले म्हणून तिला सैलानीला नेले. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळचा हा दर्गा. होळीला तिथे नारळांची होळी पेटते आणि सर्व धर्मांची माणसे आपापले दुखणे घेऊन येतात. त्या माणसांना मी हसणार नाही. जवळपास मनाचा डॉक्टर नसताना ती जाणार तरी कुठे?

सरकारी वाट नागपूरच्या मनोरुग्णालयाकडे जाई. ते १८६४ सालचे. आधी १८५८ चा, मग १९१२ चा कायदा. त्यांचा भर रुग्णाला दाखल करणे, ठेवणे आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे यांवर. १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये लागू झाला, तेव्हा 'वेडा' हा शब्द जाऊन 'मनोरुग्ण' आला. मधल्या काळात, २००१ च्या ऑगस्टमध्ये, तामिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडांत बांधलेले अठ्ठावीस रुग्ण आगीत गेले आणि देश हादरला.

मग २०१७ चा कायदा आला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. पण मी थबकलो ते एकविसाव्या कलमापाशी. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करायचे नाही. मुलाला धोका असेल किंवा त्याच्या हितासाठी गरज असेल तरच, तेही तात्पुरते. तेव्हाही देखरेखीखाली आईला मूल भेटलेच पाहिजे, आणि दर पंधरा दिवसांनी निर्णय पुन्हा तपासायचा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे.

हजार बाळंतिणींत एकदोघींना असा तीव्र आजार होतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी सावरतात, हे मला फार उशिरा कळले.

ती बाईही सावरली. पुढे तिच्या भावाने शहरातल्या डॉक्टरांकडे नेले, सहा-सात महिन्यांत ती चुलीपाशी आली. बाळ परत आणले तेव्हा ते मामीच्या पदराला धरून रडत होते. माय कोण, ते त्याला ठाऊकच नव्हते. आणि थोरली पोरगी? ती शाळेत परतली नाही. आईची आई होता होता तिचे बालपण संपले. मी हजेरीपटावर तिचे नाव कमी केले, लाल शाईने.

बाळाला काही दिवस जपणे गरजेचे असेलही. पण रोज घटकाभर, कुणाच्या तरी नजरेखाली, ते त्या मांडीवर ठेवा, एवढे सांगायला कायदा कशाला हवा होता? वाचकहो, तुमच्या शेजारी असे घर असेल, तर आईला डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी फुकट आहे. आणि त्या घरातल्या थोरल्या लेकराला विचारा, 'तू जेवलीस का? शाळेत गेलीस का?'

मी विचारले नव्हते.