कौलेयक : श्वानाच्या कुळाचा शोध

पाणिनीच्या अष्टाध्यायींत (अध्याय ४, पाद २) एक लहानसा नियम आहे. 'कुल' शब्दावरून 'कौलेयक' हें रूप सिद्ध होतें, तें कुत्रा या अर्थीं. कुळांतील माणसासाठीं नव्हे. त्याच नियमानें कुक्षीवरून तलवारीचें 'कौक्षेयक' व ग्रीवेवरून अलंकाराचें 'ग्रैवेयक' हें नांव साधलें आहे. ही सांगड केवळ प्रत्ययाची, हें खरें. तथापि कुत्र्यास 'कुळांतला' म्हणण्याचा प्रघात रूढ असल्याखेरीज असा नियम करण्याचें प्रयोजन नव्हतें. 'श्वपच' शब्दावरून प्राचीनांस कुत्रा सर्वथा त्याज्य होता असा जो सरसकट निष्कर्ष काढण्यांत येतो, तो यापुढें टिकत नाहीं.

मग हा प्राणी कुळांत शिरला केव्हां? ऋग्वेदांत 'वृक' आणि 'श्वन्' हीं नांवें निराळीं आहेत. ताटातूट त्याच्याही फार पूर्वींची. डार्विननें कुत्र्यास अनेक वन्य पूर्वज कल्पिले होते. १९९७ सालच्या व पुढील जनुकीय संशोधनानें कोल्ह्याचा दावा फेटाळला जाऊन लांडग्याचा वंश निश्चित झाला. स्थळकाळाचा वाद मात्र मिटलेला नाहीं.

जर्मनींत बॉननजीक ओबरकासेल येथें १९१४ सालीं दोन मानवी सांगाड्यांसमवेत एक जबडा सांपडला. त्याची नोंद लांडग्याचा म्हणून झाली, आणि साठ वर्षांहून अधिक काळ ती तशीच चालली! तो कुत्र्याचा, सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचा होय. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दंतपरीक्षेवरून असें दिसतें कीं, तें सुमारें सात महिन्यांचें पिलूं अनेकदां प्राणांतिक आजारी पडलें होतें, व माणसांच्या शुश्रूषेवांचून तितकेंही जगलें नसतें. अशा रोगट पिलापासून शिकारीस वा राखणीस उपयोग तो कोणता? तरी त्यास माणसांशेजारीं पुरलें. 'कौलेयक' शब्दावर याहून जुनें भाष्य प्रस्तुत लेखकास ठाऊक नाहीं.

अमरकोशांतील इतर नांवें स्वभावदर्शक आहेत. 'मृगदंशक' उघड आहे. 'भषक' म्हणजे भुंकणारा, हें तर नेमकें भेददर्शक. कारण प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो. लांडग्याचा नर पिलांस अन्न आणून देतो, गांवकुत्र्यांत तें ओझें बहुधा एकट्या कुत्रीवर पडतें. पिष्टान्न पचविण्यास साह्य करणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांहून पुष्कळ अधिक आढळतात, असें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. वैश्वदेवांत श्वानास अन्नबलि सांगणाऱ्यांस जनुकाची वार्ता नव्हती. कुत्रा काय खातो, हें मात्र ते रोज पाहत होते.

राहतां राहिले ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील यमाचे 'चतुरक्ष' श्वान. आमच्या आळींतील काळ्या कुत्र्याच्या डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके आहेत. दुरून पाहतां चार डोळे भासतात. पारशी लोकांच्या सगदीद विधींतील चार डोळ्यांच्या कुत्र्याचा अर्थही असाच करितात. कोणाच्या संग्रहांतील पोथीच्या समासांत या शब्दावर निराळी टीप असल्यास ती या त्रैमासिकांत अवश्य प्रसिद्ध करावी.